मीनाच्या पत्राची पत

पुण्याच्या प्रदर्शनाला नेलेली गाठोडी मीनाबरोबर जवळजवळ तशीच परत आली. तिचे यजमान श्रीकांत टिल्लू उज्जैनच्या फ्रीगंजातल्या घराच्या फाटकात ऑटोची वाट बघत उभे होते. गाठी त्यांनीच मारल्या होत्या, त्यामुळे न सुटलेल्या गाठी त्यांना लगेच ओळखू आल्या. त्यांनी गाठोडी उचलून आत नेली आणि चहा टाकला.

त्यांची मुलगी ईरा शाळेत होती तेव्हापासून मीना भैरवगढच्या कारागिरांकडून ठशांच्या साड्या छापून घेऊन विकत आली होती. श्रीकांतरावांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सकाळचा पेपर वाचून झाल्यावर दिवसभर करायचं काय हे त्यांना कळेना, तेव्हा तिने त्यांना एक काम दिलं. दर महिन्याला ती गिऱ्हाइकांसाठी चार ओळी लिहायची. यंदा कुठला रंग चांगला उतरला, कुठला ठसा नवा कोरून घेतला, असं. ते पत्र त्यांनी फोटोंसह ई-मेलने पाठवायचं. दोन बोटांनी टाइप करत श्रीकांतराव त्यात असे रमले की यादीतली नावं त्यांना कमी वाटायला लागली. इंदूरच्या बाजारात लाखभर पत्त्यांची सीडी मिळते असं कळल्यावर एका दुपारी जाऊन ते ती घेऊन आले आणि त्या सगळ्या पत्त्यांवरही पत्र धाडायला लागले. मीनाचं नाव एवढ्या लोकांपर्यंत जाईल, या कल्पनेनेच त्यांना हुरूप आला होता. तिला मात्र त्यांनी सांगितलं नाही. नंतर एकदम चकित करायचं होतं.

चहा पिताना मीनाने पुण्याची हकीकत सांगितली. नेहमीच्या बायकांपैकी कुणी फिरकलंच नाही. शेवटी एक जुनं गिऱ्हाईक, शोभाताई, दुसऱ्याच कामाने तिथे आल्या आणि म्हणाल्या, यंदा तुमचं पत्र आलं नाही. घरी जाऊन त्यांनी शोधलं, तर पत्र सापडलं ते लॉटरीच्या आणि केस उगवायच्या औषधांच्या ई-मेलांच्या कचऱ्यात.

श्रीकांतरावांनी बंगलोरला ईराला फोन लावला आणि मीनासमोरच सीडीचं सगळं सांगून टाकलं.

"बाबा, त्या सीडीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले असतात," ईरा म्हणाली. "आणि बाकीच्यांनी तुमच्याकडे पत्र मागितलंच कधी? तुमची पत्रं परत येऊन राहिली आणि लोक कचरा म्हणून बटण दाबून राहिले. आता तुमच्या पत्त्याची पतच गेली. शोभाकाकूंना पाठवलं, तरी मशीन आधी पाठवणारा कोण ते बघतं."

पत म्हटल्यावर श्रीकांतराव खाली बसले. एकदा चेक न वटता परत गेला की त्या माणसाची सही पुढे कितीतरी दिवस डोळे बारीक करून बघायची, हे त्यांनी बँकेत जन्मभर केलं होतं.

मीना रागावली नाही आणि तेच त्यांना जड गेलं. कपबश्या उचलताना ती एवढंच म्हणाली, "अहो, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाले की मी दिसेल त्या दाराची कडी वाजवते का?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. सीडीवरचे सगळे पत्ते काढून टाकले. मग जुन्या यादीतले, जिथून पत्र परत येत होतं ते काढले. काहींनी नोकऱ्या बदलल्या होत्या, काहींचं वहीतलं अक्षरच त्यांनी चुकीचं वाचलं होतं. फोन होते त्यांना फोन करून विचारलं. ज्यांनी कितीतरी महिन्यांत पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्यांना लिहिलं की पत्र हवं असेल तर कळवा, नको असेल तर राग नाही. नाव खोडताना आधी हात अडखळायचा, दारात आलेलं गिऱ्हाईक परतवून लावतोय असं वाटायचं. एका गृहस्थांनी कृपया पाठवू नये असं कळवलं, तर त्यांचं नाव काढून श्रीकांतरावांनी त्यांचे आभार मानले. मीना हसत सुटली. पुण्याहून आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली.

ईराने सांगितल्याप्रमाणे ज्यांची उत्तरं आली त्यांना आधी, थोडी थोडी पत्रं जायला लागली. संक्रांतीच्या सुमारास शोभाताईंचा फोन आला की पत्र बरोबर जागी आलं. यादी निम्मीसुद्धा उरली नव्हती, पण उत्तरं कधी नव्हती एवढी येत होती. नागपूरच्या एका बाईंनी जुन्या साडीचे पडदे शिवून फोटो पाठवला. श्रीकांतराव जेवताना मीनाला ही उत्तरं वाचून दाखवायचे आणि पोळी गार व्हायची.

त्यातच सांगलीहून जयंत ओगले यांचं उत्तर आलं. माझी पत्नी अहल्या श्रावणात गेली, तिचं नाव काढून टाकावं, त्यांनी लिहिलं होतं. चालत असेल तर माझा पत्ता घालावा. साड्यांतलं मला काही कळत नाही, पण ती तुमचं पत्र मला वाचून दाखवायची. आता रंगांची सवय लागली आहे.

श्रीकांतरावांनी मीनाला हाक मारली. एक नाव काढलं, एक घातलं. त्या दिवशी त्यांनी यादीला पुन्हा हात लावला नाही.

चैत्रात ओगले स्वतःच उज्जैनला आले. पत्नीच्या नावाने रामघाटावर काही करायचं राहिलं होतं. ते उरकून, ओल्या केसांनी, टेंपोत बसून थेट भैरवगढला पोचले; मीना आणि श्रीकांतराव तिथेच कारागिरांकडे होते. गडगडाटी हसणारा, बुटका माणूस. आल्या आल्या त्यांनी कारागिरांना ठशांची नावं विचारली आणि एक चुकीचं सांगून सगळ्यांना हसवलं. पण मीना साडी काढायला लागली तसे ते संकोचले. म्हणाले, मी घेऊन करू काय?

"घ्यायची कोण म्हणतंय? बघा तर खरं."

तिने एक टोक श्रीकांतरावांच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती मागे मागे गेली. नवी साडी उन्हात अख्खी उलगडली.

ओगल्यांनी चष्मा लावला. "पत्रात लिहिलेला, दोनदा बिघडून तिसऱ्यांदा उतरलेला लाल, तो हाच का?"

"हाच," मीना म्हणाली.

कापडाला हात लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि काठाकाठाने, ओळ वाचावी तसे, ते हळूहळू पदराच्या दिशेने चालायला लागले. श्रीकांतरावांनी आपलं टोक जरा उंच धरलं.