डाव्या चाकाचा पाय

यवतमाळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक लहानशी शाळा होती. तिची विमानं दोनच, आणि दोन्हींची देखभाल उज्ज्वला राठोडकडे. बोरी अरबजवळच्या तांड्यावरची ही पोर इंजिनीअर झाली, तेव्हा तिची याडी, म्हणजे आई, हंसाबाई तांडाभर सांगत फिरली होती, लेक विमानाची डॉक्टरीण झाली म्हणून.

त्या दिवशी विमान बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली. डाव्या चाकाचे काही पाय, म्हणजे चाक धरणारे दांडे, सदोष निघाले होते. तपासल्याशिवाय उडू नका. पण एक विमान तर वर गेलेलं. त्यात सुरभी, शाळेतली विद्यार्थिनी, एकटीच होती.

उज्ज्वलानं दुसरं विमान जॅकवर उचललं. पायाला लाल औषध लावलं, मुरू दिलं, स्वच्छ पुसून पांढरी भुकटी फवारली. भेग नसती, तर पांढरं पांढरंच राहिलं असतं. पण बघता बघता केसाएवढी लाल रेघ उमटली.

ती धावतच शिक्षक संजय देवसरकरांकडे गेली.

“सर, भेग आहे. सुरभीच्या विमानालेही असाच पाय आहे.”

संजय सर म्हणाले, “सांगतलं तं भेईल ना पोरगी. गुपचाप उतरू दे. रोज उतरतेच.”

“अन् डावं चाक जोरात आदळलं तं? भेऊ द्या, सर. पण तिले ठाऊक पाहिजे.”

सरांनी आभाळाकडे पाहिलं, रेडिओ उचलला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मग सुरभीचा आवाज आला, “मंग उजवं चाक आधी टेकवू का, सर?”

“हो. डावं जमन तितकं उचलून धर. घाई करू नको.”

आग विझवायचं नळकांडं उराशी धरून उज्ज्वला पट्टीच्या कडेला उभी राहिली. विमान उजवीकडे कललं, उजवं चाक टेकलं, आणि ते एका पायावर किती तरी लांब धावत गेलं. मग डावं चाक हळूच खाली आलं. पाय टिकला. विमान पट्टीवरच थांबलं.

सुरभी उतरली आणि उज्ज्वलाकडे आली. “मॅडम, हात लटलट कापून राह्यले होते. पण विमान नाही कापू देलं!” म्हणत ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

विमान तिथंच उचलून उज्ज्वलानं पाय काढला. भेग अर्ध्याहून जास्त आत गेली होती. संजय सरांनी भेगेवरून बोट फिरवलं. “बरं झालं, तू आयकलं नाहीस माह्यं,” ते म्हणाले.

दोन्ही पाय काढून बाजूला ठेवल्यावर उज्ज्वलानं घरी फोन लावला. कामाच्या वेळी फोन कशाला, म्हणून याडी घाबरली. काही नाही, तुझा आवाज ऐकायचा होता, असं उज्ज्वला म्हणाली. ऐकलास ना, मग ठेव आता, तुरीत बाया खोळंबल्यात, म्हणत हंसाबाईनं फोन कापला. उज्ज्वला जॅकला टेकून कितीतरी वेळ हसत राहिली.