ज्याचं झाड त्याची आग

साजटोल्याच्या जंगलात कुठल्या मोहाखाली कोणी वेचायचं, हे सरकारदरबारी कुठंही लिहिलेलं नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतं. जमीन वनखात्याची, झाडही वनखात्याचं; फुलं मात्र ज्याच्या आज्यानं वेचली त्याच्याच घरची. यावरून कधी कुणाचं डोकं फुटल्याचं ऐकिवात नाही. सरकारी जमिनीच्या मोजण्या होतात, त्यावर मात्र हमखास फुटतात.

त्यामुळे मोहाखाली आग लागली की वनरक्षकाचं काम सोपं होतं. मार्च सरत आला की फुलं गळायला लागतात आणि खाली तर पानगळीचा हा थर. त्यात फूल दिसणार कसं? मग लोक बुंध्याभोवतीचा पाला पेटवून देतात. जागा स्वच्छ होते, फुलं अलगद उचलता येतात, आणि वर्षातून एखाददुसरी आग मात्र वाऱ्यावर स्वार होऊन जंगलात शिरते. म्हणून खात्यातले जुने लोक नव्यांना पहिल्या उन्हाळ्यातच शिकवतात, ज्याचं झाड त्याची आग. झाड ओळखायचं, घर गाठायचं, नाव लिहायचं, मोकळं व्हायचं.

रचना रामटेकेला हे वनपाल चुन्नीलाल यांनी शिकवलं होतं. रचना साजटोला बीटची, म्हणजे जंगलाच्या इथल्या तुकड्याची वनरक्षक. नोकरीची पहिली वर्षं तिनं गडचिरोलीच्या टोकाला काढली, बदलीसाठी अर्जांवर अर्ज केले, आणि शेवटी कोहमाऱ्याच्या आतलं हे बीट तिच्या वाट्याला आलं. वडील, केशोराव, ती तिकडे असतानाच गेले होते. आई अंजना कामठ्याला एकटी होती. बदली होताच रचनानं काय केलं असेल, तर साजटोल्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन आईला उचलून आणलं. अंजनाबाई आधी आठवडाभर कुरकुरल्या. हा काय गाव म्हणायचा, इथं बोलायला माणूस नाही, संध्याकाळी पाचला दारं लागतात. मग भिंतीपलीकडच्या सुमित्राबाईशी त्यांचं मेतकूट जमलं आणि पुढं त्यांना घरात शोधावं लागायचं.

सुमित्राबाईंचा नवरा श्यामलाल होळीनंतर वारला. धानाची थोडी शेती, एक मुलगा देवानंद. देवानंद दर उन्हाळ्यात वनखात्याकडे आगीवर पहारा द्यायला हंगामी मजूर म्हणून असायचा. पाठीवर पाला उडवायचं ब्लोअर मशीन घेऊन तो धुरात शिरायचा आणि दात काढत बाहेर यायचा. पुढंमागं कायम करतील या आशेवर त्यानं पुण्याच्या कंपनीत जायचं दोनदा टाळलं होतं. बाप गेला तेव्हा तो सुट्टीवर गेला, आणि नेमकी त्याच दिवसांत आग लागली.

मोबाईलवर आगीचा मेसेज आला तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. रचना, चुन्नीलाल आणि पाच-सहा मजूर पोचेपर्यंत आगीनं बांबूचं रोपवन धरलं होतं. सगळे तोंडाला फडकी बांधून, ओल्या फांद्यांनी झोडपत दिवस कलेपर्यंत तिच्या मागं लागले. विझली तेव्हा रोपवन गेलेलं होतं. मागं चालत चालत त्यांनी आगीचं मूळ शोधलं, तर एक जुना थोराड मोह आणि त्याच्याभोवती जळालेलं वर्तुळ. बुंध्याजवळ राख, राखेवर ताजी फुलं पडलेली.

"सुमित्राबाईचा मोह आहे," एक मजूर म्हणाला. बाकीचे कुणी काही बोलले नाहीत. दमले असतील असं रचनाला वाटलं.

रेंज ऑफिसातून साहेबांचा फोन आला. दरवर्षी बहुतेक आगींपुढं 'अज्ञात इसम' असं लिहून कागद फाईलला लागतो. अज्ञात इसम हा गोंदिया जिल्ह्यातला सगळ्यात कामसू माणूस. जंगलं तोच जाळतो, लाकडं तोच तोडतो. पण या वेळी रोपवन गेलं होतं आणि वरून तपासणी येणार होती. "यंदा अज्ञात चालणार नाही," साहेब म्हणाले, "मला नाव पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रचना सुमित्राबाईंच्या दारात गेली. त्या आतल्या खोलीत कोपऱ्यात चटईवर बसल्या होत्या. देवानंद ओसरीत होता, डोकं तुळतुळीत भादरलेलं. रचनाला ओशाळल्यासारखं झालं. परवाच तर आपण यांच्याकडे चहा घेतला, असं तिच्या मनात आलं. पण अंगात खाकी असली की असं मनात येऊन चालत नाही, म्हणून तिनं घसा खाकरला.

"काकू, तुमच्या मोहाखाली आग लागली. पाला कोणी पेटवला?"

सुमित्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहिलं. म्हणाल्या, "झाड माहं, तं आग बी माहीच. लिव."

"काकू, नाव लागलं तर देवानंदचं काम..."

"मले समजते," त्या म्हणाल्या. "लिव म्हटलं ना."

देवानंद टकलावरून हात फिरवत उंबऱ्याकडे बघत राहिला. घरात गुन्हा असलेल्या माणसाला आगीच्या कामावर ठेवत नाहीत, हे त्याला रचनाएवढंच माहीत होतं. ती बाहेर आली तेव्हा तिला फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी, कबूल करायला हवं, हायसंही वाटत होतं. काम एका दमात झालं होतं.

पंचनाम्याचा मसुदा घेऊन ती पोलीस पाटील इंद्रकुमार यांच्याकडे गेली. पंच म्हणून त्यांची सही लागायची. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद परत केला.

"मी नाई करत सही."

"काऊन?"

"अवो मॅडम, त्या घरची तेरवी झाली का? नवरा गेलेली बाई सुतकात उंबऱ्याभाईर पाय ठेवते का? अन् तुमी लिवलं, का थे जंगलात जाऊन पाला पेटवून आली! मले गावात राहाचं हाय, बाप्पा. लोकं हासतीन."

रचना त्यांच्याकडे बघतच राहिली. ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती, कारण तिच्या घरात ती नव्हतीच. केशोराव गेले तेव्हा भन्तेजी आले, वंदना झाली, शेजारपाजार बसून गेला. आणि दोन दिवसांत अंजना धानाच्या रोवणीला गेली होती. सुतक, विटाळ हे सगळं आज्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यावर घराबाहेर काढून टाकलेलं. रचना लहानपणापासून त्याकडे बघून न बघितल्यासारखं करत आली होती. चांगली सवय होती ती. पण त्या सवयीपायी, डोकं भादरलेला मुलगा ओसरीत बसलेला असताना, त्याच्या सुतकातल्या आईला तिनं कागदावर जंगलात धाडून दिलं होतं.

"मग देवानंद?"

"थोबी सुतकातच. अन् सारी भावकी सुतकात. भावकीतलं कोणी त्या झाडाखाली जाणार नाई."

"मग मोह कोण वेचून राहिलं?"

इंद्रकुमार आपल्या चपलांकडे बघू लागले. "असं झालं का परघरचं माणूस वेचून देते. ज्याले सुतक लागत नाई असं. वेचते, वाळवते, अन् तेरवी झाली का पोचवून देते. लय पुण्याचं काम हाय." जरा थांबून ते म्हणाले, "मी नाव नाई घेत. मोह वाळून राहिले का वास लपत नाई, मॅडम. तुमीच पाहा."

पाहायचं काही उरलंच नव्हतं. वास तर पाच-सहा दिवस तिच्या उशाशी होता. घराच्या अंगणात जुन्या लुगड्यावर मोहफुलं पसरलेली होती आणि रचना रोज सकाळी बूट घालून ती ओलांडून कामावर जात होती. "शेजारणीचे आहेत," आई म्हणाली होती. रचनानं दोन फुलं तोंडातही टाकली होती. झाड ओळखायला शिकवलं होतं खात्यानं. अंगण बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

अंजनाबाई उकिडव्या बसून फुलं वरखाली करत होत्या.

"आई, पाला तू पेटवला?"

"हाव," अंजनाबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. "मीच."

"अगं, मी शाळेत भाषण दिलं तेव्हा तू पुढंच बसली होती. पाला जाळू नका, झाडून घ्या..."

"टाळ्याबी वाजवल्या होत्या."

"मग?"

"दोन दिवस झाडलं. कंबर धरली. आजूबाजूले साऱ्या बाया पेटवून राहिल्या, मीनंबी पेटवलं. पेटवलं का थो विझेपर्यंत फांदी घेऊन उभं राहा लागते, हे मले कोणं सांगितलं? कामठ्याले का जंगल हाय? फुलं भरली अन् घरी आलो." आता हात थांबला. "मागून धूर दिसला. तुले सांगालेच निघालो होतो. सुमित्राबाईनं आतूनच आवाज देल्ला. म्हणे, माह्यासाठी गेलती तू, तुयावर येऊ देनार नाई. तुया पोरीची नोकरी हाय. माहं झाड, मी पाहून घेतो."

"आणि तू ऐकलं?"

"तुई बदली आठवली," अंजनाबाई म्हणाल्या. "ऐकलं."

रचना खाली बसली. बुटांसकट, मोहाच्या कडेला. तिला लाज वाटत होती. नवरा जाऊन आठवडा झालेली बाई आपल्या घरची चूक अंगावर घेऊन बसली होती, आणि आपण तिच्याच दारात उभं राहून घसा खाकरला होता.

"काय करू, आई?"

"मले कायले इचारतेस? नोकरी तुई हाय का माही?"

चुन्नीलालनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीचं दार ओढलं. वाईट माणूस नव्हते ते. निवृत्तीला थोडे दिवस उरलेले, कुणाचं वाकडं करायची त्यांची इच्छाच मेलेली.

"अरे, बाई कबूल करून राहिली ना? अपने मुँह से बोली ना? बस झालं. पंच दुसरा पाहू."

"देवानंदचं नाव कटेल, सर."

"कटेल. जवान पोरगा हाय, कुठंबी कमावेल. तुझ्या मायचं नाव लिहिलं तर? आपल्याच बीटमध्ये, आपल्याच घरचा आरोपी. साहेब तुले इथं एक दिवस ठेवणार नाई. पुन्हा गडचिरोली. अन् माय पुन्हा कामठ्याले एकटी. पाहा बुवा." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बयान मी घेईन, तपास कोणीबी करेल. पण पहिला गुन्हा रिपोर्ट बीटगार्डच्याच हातचा लागते. थो मी तुझ्याकडून हिसकत नाई, अन् लिहीबी म्हणत नाई."

रचनानं जुना मसुदा फाडला. तुकडे खिशात घातले, कारण आगीच्या दिवसांत कागद इकडंतिकडं टाकायचा नसतो.

दुपारी अंजनाबाई रेंज ऑफिसात आल्या. पांढरं, धुतलेलं पातळ नेसून, केस चापूनचोपून बांधून. बुद्धपौर्णिमेला विहारात जातात तशा. ऑफिसातल्या पोरांनी खुर्ची दिली. त्यांनी ती रचनाच्या टेबलासमोर ओढून घेतली आणि पदर सावरून बसल्या. चुन्नीलाल दाराशी उभे राहिले. इंद्रकुमार पंच म्हणून आले होते, भिंतीला टेकून मिशीवरून बोट फिरवत होते.

रचनानं पेन उघडलं. तिला मान वर करायची नव्हती, पण तशी पद्धत नाही. तिनं मान वर केली.

"पूर्ण नाव सांगा."

अंजनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. पोर पहिल्यांदा फळ्यावर लिहायला उभी राहिली की आया बघतात, तसं काहीतरी होतं.

"अंजना केशोराव रामटेके."

"धंदा?"

"मजुरी. अता पोरगी करू देत नाई."

इंद्रकुमार खोकले.

"पत्ता?"

अंजनाबाईंनी पदर पुन्हा सावरला. मग म्हणाल्या, "आजचा सांगू का उद्याचा, मॅडम?"

रचनाचं पेन थांबलं. आईनं तिला आजवर कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं पुसलेही नाहीत. पुसायला हात मोकळा नव्हता.

"आजचा," ती म्हणाली.

"मंग साजटोलाच लिवा. उद्याचा तुमचे साहेब सांगतीन."

रचनानं साजटोला लिहिलं. गुन्ह्याची हकीकत लिहिली, रोपवनाचं नुकसान लिहिलं. आईची सही घेतली, इंद्रकुमारांची घेतली. इंद्रकुमारांनी या वेळी चष्माही लावला नाही. शेवटी खाली तिची स्वतःची सही राहिली होती. वरच्या रकान्यात आरोपी होती अंजना केशोराव रामटेके. खालच्या रकान्यात तिनं वनरक्षक म्हणून लिहिलं, रचना केशोराव रामटेके. चुन्नीलाल पुढं येऊन कागद वाचू लागले आणि अर्ध्यात बाहेर निघून गेले.

अंजनाबाई उठल्या. खुर्ची होती तिथं नेऊन ठेवली.

"झालं ना? मग जातो मी," त्या म्हणाल्या. "ऊन कलाच्या आत मोह पलटवा लागते. दुसऱ्याचे होत थे."