वास नसलेल्या द्रवाची बाटली

मित्रांनो, मी रसायनशाळेतली एक जुनी बाटली आहे. माझ्याजवळ यायचं असेल तर आधी हातमोजे घाला. हे मी रागाने सांगत नाही. माझ्यामुळे एका बाईची तीन बोटं जाता जाता राहिली, म्हणून सांगते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. आत उजेड जाऊ नये म्हणून मला तपकिरी रंग दिला. काचेत तेल भरा, मीठ भरा, तेजाब भरा, काचेला काही होत नाही, असं सगळे म्हणत. मलाही ते खरं वाटायचं.

माझ्यात एक आयनिक द्रव भरला. आयनिक द्रव म्हणजे एक प्रकारचं मीठच. आपलं खायचं मीठ वितळवायला भट्टीची आच लागते, हे मीठ मात्र साध्या हवेतही पातळ राहतं. दिसायला एरंडेल तेलासारखं दाट आणि स्वच्छ. ते उडून जात नाही, सहज पेट घेत नाही, त्याला वास येत नाही. म्हणून पुष्कळ लोक त्याला बिनधोक समजतात. माझ्या चिठ्ठीवर मात्र लाल चौकटीत उद्गारचिन्ह होतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की पोटात गेल्यास अपाय होतो, कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नये, ओलावा आणि उष्णता यांपासून दूर ठेवावं.

मी आदिलाबादच्या एका कॉलेजात आले. तिथे प्रगती नावाची मुलगी संशोधन करत होती. कापसावर फवारलेलं औषध बेला गावाकडच्या विहिरींत उतरतं का, हे तिला शोधायचं होतं. ती विहिरीचं पाणी छोट्या नळीत घ्यायची, त्यात माझे चार थेंब टाकायची आणि हलवायची. माझे थेंब पाण्यात मिसळत नसत. पाण्यातलं औषध पकडून ते तळाशी बसत. ती हातमोजे घालूनच मला उचलायची आणि लगेच झाकण लावायची. माझ्यामुळे तीन विहिरींवर 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लागली. तिचे गुरुजी सुधाकरराव सर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. ते माझे चांगले दिवस होते.

मग एक चूक झाली. ती लहानशी होती, म्हणून कुणाला चूक वाटली नाही.

वापरलेले थेंब सरांनी एका भांड्यात साठवले होते. त्यात पाणी होतं आणि नमुने टिकावेत म्हणून घातलेलं तेजाबही थोडं होतं. सरांनी ते शेगडीवर तापवलं, पाणी उडालं असं धरलं, आणि सगळं परत माझ्यात ओतलं. रसायनशाळेतली मदतनीस जयवंताबाई तेव्हा फरशी पुसत होती.

"सर, तळनाचं तेल कोऱ्या तेलात नाही ओतत आमी," ती म्हणाली. "सारं तेल बिघडते."

सर हसले. "जयवंताबाई, हे तेल नाही. हे बिघडत नाही."

"तुमी शिकलेले लोक. मी आपलं चुलीपुरतं बोलून राह्यली," असं म्हणून तिने फडकं पिळलं.

पुढे प्रगतीचं काम संपलं आणि ती गावी गेली. मला पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. आदिलाबादचे दोन उन्हाळे मी तिथे काढले. दुपारी ऊन थेट माझ्यावर यायचं. ओलावा, तेजाब आणि ऊन यांनी माझ्यातला द्रव हळूहळू फुटू लागला. त्यातून एक नवं तेजाब तयार झालं. बहुतेक तेजाबं काचेला काही करत नाहीत, पण हे काच खातं. मला आतून खाल्लं जात होतं. माझं अंग खरबरीत झालं, झाकण सैल झालं, आणि मानेवरून एक चिकट ओघळ खाली आला. मला सगळं कळत होतं. पण बाटलीला सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी तपासणीची तयारी चालली होती. प्रगती आता त्याच कॉलेजात शिकवायला आली होती आणि पलीकडच्या खोलीत यादी करत होती. जयवंताबाई बाटल्या पुसत होती. हातमोज्यांचा डबा रिकामा होता. तिने मला उचललं आणि नाकाशी धरलं. ती कापसाच्या घरची बाई. घरातलं फवारणीचं औषध ती नुसत्या वासाने ओळखायची.

"ह्याले तं वासच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. आणि उघड्या हातांनी तिने माझी मान पुसली. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. ओघळ त्या चिरांत गेला. तिने हात पदराला पुसला. साडेबारा वाजता तिचे यजमान महिपतराव मोटारसायकल घेऊन आले, आणि ती त्यांच्या मागे बसून बेल्याकडे निघाली.

थोड्या वेळाने प्रगती आली. तिने स्वतःजवळचे हातमोजे घातले आणि मला उजेडात धरलं. तिचा हात थांबला.

"सर, ही काच आतून पांढरट कशी झाली?"

सरांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "हिला कोणी हात लावला?"

"जयवंतामावशींनी. सकाळी पुसत होत्या."

प्रगतीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चालत्या गाडीवर त्यांना ऐकू येत नसेल. मी टेबलावर होते आणि एकेक घंटा मोजत होते. सातव्यांदा फोन उचलला गेला. प्रगतीने फोनचा स्पीकर लावला.

"हॅलो, कोन?" महिपतराव बोलले. "आमी हाटेलात चहा पिऊन राह्यलो. काऊन?"

"मावशींचा हात दुखतो का, आधी विचारा."

पलीकडून जयवंताबाईचं हसणं ऐकू आलं. "दुखून नाही राह्यला. काऊन, सरायले माहा हात पायजे का काय?"

सरांनी फोन घेतला. "जयवंताबाई, त्या बाटलीत वाईट तेजाब तयार झालं आहे. ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं. आधी कळत नाही. हात आत्ता वाहत्या पाण्याखाली धरा, मग परत फिरा."

"सर, माह्या बहिणीच्या नातीचं बारसं हाय आज. दुखलं तं दाखवीन उद्या."

"दुखेपर्यंत उशीर झालेला असतो."

"पन मले काईच होऊन नाही राह्यलं तं?"

सरांचा आवाज बदलला. "तुम्ही मला सांगितलं होतं, वापरलेलं परत ओतू नका म्हणून. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. तुमची बोटं गेली तर मी..."

महिपतराव बायकोला म्हणाले, "उठ वं."

"अवो, बारसं..."

"नाव ठेवतीन ते आपल्याबिगर. उठ म्हनतो ना."

मागून हॉटेलवाला ओरडला, "टाकीत पानी जराकच हाय, भाऊ!"

"मंग जराकच दे, पन सारं दे," महिपतराव म्हणाले.

पाणी पडत असल्याचा आवाज आला. प्रगती घड्याळ पाहत होती. पंधरा मिनिटं झाल्याशिवाय हात काढू नका, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मग तिने माझ्या चिठ्ठीचा फोटो दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवला आणि तिकडे धावली. सरांनी जाड हातमोजे घातले, मला प्लॅस्टिकच्या टबात उभं केलं, धूर ओढणाऱ्या कपाटात ठेवलं आणि पंखा लावला. मग तेही गेले.

मित्रांनो, शनिवारची ती दुपार आणि पूर्ण रविवार मी त्या कपाटात काढला. पंखा चालू होता. काय झालं ते सांगणारं कुणी नव्हतं. मी कुणाला मुद्दाम काही केलं नव्हतं, पण त्याने काय फरक पडतो?

सोमवारी मला कळलं. डॉक्टरांनी कॅल्शियमचा मलम हातमोज्यात भरून तिचा हात त्यात घातला होता. चार वाजता कळ सुरू झाली. बोटाच्या आत कुणी सुई फिरवत असल्यासारखं वाटलं, असं ती म्हणाली. पण तोवर औषध पोचलेलं होतं. रात्रभर घरी थांबली असती तर बोटं वाचवणं कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिचं एक नख काळं पडून गेलं. तिन्ही बोटं राहिली.

जयवंताबाई दहा दिवसांनी कामावर आली. सर उभे राहिले. तीच आधी म्हणाली, "सर, मोज्याचा डबा भरला का? तो आधी भरा. मंग बोलू." डबा भरलेला होता. फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर आता मराठीत आणि तेलुगूत ठळक चिठ्ठी आहे. वापरलेला द्रव वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जातो. मोरीत तर एक थेंबही जात नाही, कारण मोरीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीला मिळतं.

माझं काम संपलं आहे. घातक रसायनं नेणारी गाडी उद्या मला घेऊन जाईल. मला त्याचं दुःख नाही. जाण्याआधी रोज दिसणारी एक गोष्ट तुम्हाला सांगते.

महिपतराव रोज तिला न्यायला येतात. गाडी चालू करण्याआधी ते दारातच म्हणतात, "दाखव हात."

"अवो, रोज काय पायता? बोटं काय पळून चालली?"

"पाहू दे."

ती तोंड फिरवून हात पुढे करते. ते एकेक बोट दाबून पाहतात, मग गाडीवर बसतात.

मित्रांनो, आपलं माणूस 'दुखत नाही' म्हणालं, तरी एकदा हात हातात घेऊन पाहा. ते रागावेल, हसेल, उशीर होतो म्हणेल. तरी पाहा. पाहायला तो हात आहे तोवर पाहून घ्या.