खालचं पार्किंग ते वरची खोली

मित्रांनो, मी दारं नसलेली एक जुनी गाडी आहे. मला छप्पर आहे, सीटच्या तीन ओळी आहेत, स्टिअरिंग आहे आणि ओरडण्याऐवजी खोकणारा एक हॉर्न आहे. नंबरप्लेट मात्र नाही, कारण मला रस्त्यावर जायची परवानगीच नाही. डोंगरउतारावरच्या एका रिसॉर्टमध्ये खालच्या पार्किंगपासून वरच्या खोल्यांपर्यंत माणसं न्यायची आणि परत आणायची, एवढंच माझं काम होतं. मोठी माणसं मला बग्गी म्हणत. लहान मुलं मला खेळण्यातली गाडी समजत, आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेजारच्या रांगेत ट्रक तयार होत. ते एकेक करून बाहेर पडत आणि मला वाटे, आता माझी पाळी आली की मीही अशीच लांब जाणार. पाळी आली तेव्हा त्यांनी मला एका ट्रकवर चढवलं आणि मागे तोंड करून दोरांनी करकचून बांधलं. त्यामुळे मी रस्ता पाहिला तो मागे मागे जाताना. पूल, पेट्रोलपंप, शाळा सुटल्यावर रेंगाळणारी मुलं, सगळं माझ्यापासून दूर जात होतं. रिसॉर्टच्या फाटकातून मी आत आले, ती कायमचीच. पुढची सगळी वर्षं पार्किंगमध्ये उभी असताना फाटकाबाहेरचं रस्त्याचं एक वळण मला दिसायचं. त्या वळणापुढे काय आहे, हे मला आजही माहीत नाही.

मला चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. मामा बोलायला कमी आणि पुसायला जास्त. सकाळी ओल्या फडक्याने माझ्या सीटा पुसत, पावसाळ्यात दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे बांधत, आणि संध्याकाळी न विसरता चार्जिंगला लावत. दिवसभर आम्ही दोघं वर-खाली करायचो.

रिसॉर्टचा नियम असा की राहायला आलेल्यांच्या गाड्या वर जात, पण त्यांना भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनी आपल्या गाड्या खालीच लावायच्या. खालचं पार्किंग म्हणजे झाडांखालची उतरती, अरुंद जागा. भर दुपारी तिथे सावल्यांची जाळी पडायची आणि जमिनीवरचे पांढरे पट्टे त्यात हरवून जायचे. नातेवाईक यायचे, गाडी पुढे-मागे करताना एकमेकांवर चिडायचे, मग पिशव्या मांडीवर घेऊन माझ्यात बसायचे. "एवढ्या लांब गाडी लावायची होती, तर घरीच लावून आलो असतो," असं एक आजोबा दर खेपेला म्हणायचे. पण वर पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे सैल व्हायचे. आपलं माणूस व्हरांड्यात उभं राहून हात हलवताना दिसलं, की कोणी पार्किंगचं नाव काढत नसे.

एका वर्षी हिवाळ्यात ताई राहायला आल्या. निवृत्त नर्स. कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. परदेशातल्या मुलाने त्यांना विश्रांतीसाठी इथे पाठवलं होतं. पण ताई विश्रांतीसाठी आल्याच नव्हत्या. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं माहेर होतं, आणि भावंडं आजूबाजूच्या गावांत विखुरली होती. प्रत्येकाला फोन करून त्या पार्किंगची वाट इतक्या हौसेने समजावून सांगत, की जणू ते त्यांनीच बांधलं होतं. "फाटकातून आत आलात की डावीकडे वळा. उजवीकडे वळलात तर थेट धोबीखान्यात जाल, तिथे तुम्हालाही धुऊन वाळत घालतील. गाडी खाली लावा, वर आणायला आमची बग्गी आहे."

आमची बग्गी. मित्रांनो, हे शब्द ऐकून मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही.

धाकटी बहीण आली, चुलत भाऊ आले, एक वयस्कर मावशी आल्या. मावशींनी पुढे बसायचा हट्ट धरला आणि चढ लागल्यावर डोळे गच्च मिटून घेतले. प्रत्येक वेळी ताई व्हरांड्यात उभ्या असत. आणि पाहुण्यांना सोडून आम्ही परत निघालो, की मामांना हळूच विचारत, "पांढरी जुनी गाडी आली होती का हो खाली?"

ती गाडी छोटूची होती. छोटू म्हणजे ताईंचा सगळ्यांत लहान भाऊ. केस पांढरे झाले, नोकरीतून निवृत्त झाला, तरी घरात त्याचं नाव छोटूच राहिलं होतं. त्याने सगळा जन्म शाळेची बस चालवली होती. भावंडांमध्ये कोणाला कुठे न्यायचं असेल, स्टेशनावर, दवाखान्यात, लग्नाला, तर गाडी छोटूचीच. ताई नोकरीवर रुजू व्हायला गावाबाहेर पडल्या, तेव्हाही त्यानेच त्यांना पोचवलं होतं. फोनवर तो "येतो, येतो" म्हणाला होता, पण आला नव्हता.

मग वॉचमनने मामांना सांगितलं, पांढरी गाडी येऊन गेली. पार्किंगमध्ये थोडा वेळ थांबली आणि वळून परत गेली. त्यानंतरच्या दिवशीही तसंच झालं.

मामांनी हे ताईंना सांगितलं, तेव्हा धाकटी बहीण तिथेच होती. ती म्हणाली, "रागावला असणार. तुझ्या ऑपरेशनचं आम्हाला कळवलंस आणि त्याला नाही."

"कळवलं असतं तर रात्रभर गाडी हाकत आला असता. म्हणून नाही कळवलं."

"ते तुला माहीत. त्याला कुठे माहीत आहे?"

माझ्या सीटच्या कडेवरून ताईंचं बोट उगाचच फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या काठी टेकत आल्या आणि माझ्यात बसल्या. "मामा, आज मला खाली घेऊन चला. तो दारातून परत जात असेल, तर मीच दारात बसते."

आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यात थांबलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. ताई फाटकाकडे बघत होत्या, आणि मीही. खूप वेळाने त्या वळणावरून पांढरी गाडी आली. अगदी सावकाश, पाण्यात पाय टाकल्यासारखी. पार्किंगच्या तोंडाशी ती तिरकी उभी राहिली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. पांढरी गाडी थोडी पुढे सरकली, थबकली, पुन्हा सरकली, आणि मग वळायला लागली.

ताई माझ्यातून उतरल्या. मामा "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्या काठी टेकत गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काच खाली कर."

काच खाली आली. "तू इथे कशाला आलीस? पाय कसा आहे?"

"पाय जागेवर आहे. तू परत कुठे चाललास?"

"जागाच नाहीये, ताई. बघ ना, सगळं भरलंय."

त्याच्या समोर, दोन गाड्यांच्या मधे, एखादा ट्रक मावेल एवढी जागा मोकळी होती. ताईंनी ती जागा बघितली. मग भावाकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघायला डोळे नव्हता फिरवत, सगळी मान फिरवत होता, जणू एखाद्या नळीतून बघत असावा. जन्मभर आजारी माणसं बघितलेली बाई ती. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"हो रे," ताई म्हणाल्या. "भरलंय खरं. या मामांकडे चावी दे. लावतील ते कुठेतरी."

मामांनी चावी घेतली, गाडी त्याच मोकळ्या जागेत लावली आणि परत येऊन म्हणाले, "मिळाली एक जागा."

छोटू सवयीने पुढे, मामांच्या शेजारी बसला. ताई मागे बसल्या. चढ सुरू झाला. प्रत्येक वळणाआधी छोटूचा उजवा पाय माझ्या तळावर दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पण पाय अगदी बरोबर वेळी दाबला जात होता, मामांच्याही जरा आधी.

"मामा, मागच्या वाटेने घ्या," ताई म्हणाल्या. "घाई नाही."

मागची वाट धोबीखान्यावरून जाते. तिथे कोणी नसतं.

"किती दिवस झाले?" ताईंनी विचारलं.

"कशाला?"

"दिसेनासं झाल्याला."

छोटू म्हणाला, "समोरचं दिसतं गं. बाजूचं जातं. परवा आमच्याच फाटकाचा खांब असा एकदम पुढे आला, की मी दचकलो. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते डोळ्यांत थेंब टाकून सांभाळा."

"आणि तरी गाडी चालवतोस."

"आमच्या हिला दवाखान्यात कोण नेणार? तिच्याच्याने चार पावलं चालवत नाही. आमच्याकडे सकाळची एक बस असते, तीही मनात आलं तर येते." त्याने हात मांडीवर घट्ट धरले होते. "इतकी वर्षं लोकांची पोरं नेली. एकाही आईला वाट बघायला लावली नाही. आणि सख्ख्या बहिणीकडे यायचं, तर मला गाडी लावता येत नाही."

"मला वाटलं, तू रागावलास."

"रागावलो होतोच की. पण म्हणून कोणी यायचं थांबतं का?"

ताई हसल्या, आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. खोलीवर पोचल्यावर त्या दोघांनी व्हरांड्यात चहा घेतला. मी तिथेच उभी होते, कारण मामांना ताईंनी थांबवून घेतलं होतं. ऊन उतरायला लागलं तसा छोटू उठला. "चावी द्या मामा, उजेडात पोचलेलं बरं."

ताई म्हणाल्या, "आज तू गाडी चालवायची नाहीस."

"माझ्या गाडीला आजवर कुठे ओरखडा आलेला नाही."

"माहीत आहे मला. बाजूने एखादं पोर पळत आलं तर दिसेल तुला?"

छोटू उभाच राहिला. मला वाटतं, हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारत असणार, पण दुसऱ्याच्या तोंडून त्याने तो पहिल्यांदाच ऐकला होता. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, "राहू दे चावी त्यांच्याकडेच."

धाकट्या बहिणीच्या मुलाला फोन गेला. तो आल्यावर आम्ही सगळे खाली गेलो. भाचा चावी घेऊन मामांशी बोलत होता, तेवढ्यात छोटू आपल्या गाडीपाशी गेला. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीवर त्याने हात ठेवला. सवयच ती. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग हात काढला आणि गाडीला हात लावत लावत, पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. एवढंसं अंतर, पण त्याला फार वेळ लागला. ताई माझ्यात बसून बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

रिसॉर्टमधले उरलेले दिवस ताईंनी तिथे काढले नाहीत. दुसऱ्याच दिवशी बॅगा भरून त्या भावाकडे राहायला गेल्या. भाऊ, भावजय आणि दवाखाना, एका नर्सला तिथे जास्त काम होतं. जाताना मामांना म्हणाल्या, "विश्रांती पुढच्या वर्षी."

आणि खरंच पुढच्या वर्षी त्या आल्या. भाच्याने त्यांना आणि छोटूला आणून सोडलं. पांढरी गाडी आता भाचाच चालवत होता, आणि छोटूच्या बायकोला दवाखान्यात न्यायचे दिवस त्याने नि एका शेजाऱ्याने वाटून घेतले होते. त्या मुक्कामात एका दुपारी आम्ही मागच्या वाटेने चाललो होतो. धोबीखान्यामागचा सपाट, सरळ तुकडा आला आणि मामांनी मला थांबवलं. पुढे-मागे कोणी नव्हतं. मामा उतरून दुसऱ्या बाजूला आले आणि छोटूला म्हणाले, "जरा तिकडे सरका. मला इकडून बसू द्या."

छोटूने ताईंकडे मान वळवली. ताई मुद्दाम डोंगराकडे बघत होत्या.

त्याने स्टिअरिंग धरलं. मित्रांनो, मला कितीतरी हातांनी चालवलं. मामांचे हात चांगले होते, पण ते काम करणारे हात होते. हे हात वेगळे होते. बोटं नुसती टेकलेली, झोपलेल्या मुलाला उचलावं तशी. मी माणसाच्या चालीने त्या तुकड्याच्या टोकापर्यंत गेले. मामांचा हात हँडब्रेकपाशी होता, पण त्यांना तो लावावा लागला नाही. रस्ता म्हणजे काय असतो, हे त्या दुपारी मला कळलं. मी वळणापलीकडे गेले नव्हते, पण वळणापलीकडे जाऊन आलेले हात माझ्यावर होते.

टोकाला त्याने मला थांबवलं. "हलकी आहे," तो म्हणाला.

पुढे काही वर्षं ती भावंडं येत राहिली. मग मामा निवृत्त झाले. रिसॉर्टने काचा आणि दारं असलेली मोठी गाडी घेतली. माझी बॅटरी काढून ठेवली आणि मला ढकलत धोबीखान्यामागे आणून उभं केलं. माझ्या मागच्या सीटवर आता ओले पोछे वाळत घालतात. टायर बसले आहेत. ताई आणि छोटू अजून येतात का, मला माहीत नाही. इथून पार्किंग दिसत नाही. लांबून एखादी गाडी सावकाश आल्याचा आवाज येतो, तेव्हा मी कान देऊन ऐकते.

मित्रांनो, माझ्यासाठी मी फार काही मागत नाही. पोछे वाळायला दुसरी दोरी बांधलीत आणि अधूनमधून धूळ पुसलीत तरी पुष्कळ. पण तुमच्या घरातही कोणीतरी गाडी चालवायचं थांबवलेलं असेल. काका असतील, आजोबा असतील, एखादी आत्या असेल. त्यांनी तुम्हाला कुठे कुठे नेलं, ते आठवा. कुठे निघालात तर त्यांना सामानासारखं मागे बसवू नका. पुढची सीट द्या, वाट त्यांना विचारा. आणि गाडी सुरू करण्याआधी म्हणा, "निघू या का?" मग ते हो म्हणेपर्यंत थांबा.