गरम बाजू

"ऊदबत्ती पेटव," हमीद व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "आता भिंतीतल्या स्विचजवळ धर. हात हलवू नको, बाय माझी."

तिकडे बर्फातल्या विनिपेगमध्ये त्याची मुलगी अलिना एका हातात फोन, दुसऱ्या हातात ऊदबत्ती घेऊन, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत वाकली. धूर वर जाता जाता मध्येच वळला आणि खोलीत पसरला.

"बघितलंस? बाहेरची हवा आत येते. घर फुटकं हाय, यात मना शंका नाय. माझी शंका त्या ठेकेदारावर हाय."

हमीदला जिच्याबद्दल शंका नाही अशी गोष्ट शोधावीच लागली असती. सुरमई घेताना तो आधी माशाचे कल्ले बघायचा, मग मासेवाल्याचं तोंड. एकतीस वर्षं तो बहारीनमध्ये इन्सुलेशनचं काम करत होता. एसीची थंड हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टवर काचेच्या लोकरीची गादी गुंडाळायची, तिच्यावर चकचकीत फॉइल, सांध्यांवर टेप. फॉइलखाली लोकरच न घालणारे, जुनी लोकर नवी म्हणून खपवणारे, असे नमुने त्याने पोत्याने पाहिले होते. बायको नसीबा वारल्यापासून तिथल्याच नईम मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा आणि डोळे मिटून विश्वास ठेवावा असं माणूस त्याला एकच उरलं होतं, ते म्हणजे ही पोर.

जावई ओवैस भला माणूस होता, आणि तेवढाच दोष हमीदला त्याच्यात दिसायचा. वरच्या मजल्याच्या भिंती आणि माळा मिळून लोकर भरायचे ठेकेदाराने साडेचार हजार डॉलर सांगितले आणि ओवैसने मुकाट्याने मान डोलावली.

"एवढ्यात मी इथे अख्खी बिल्डिंग गुंडाळून देईन," हमीद म्हणाला.

"अब्बा, इकडे लेबर महाग आहे," अलिना म्हणाली. "आणि त्याचे रिव्ह्यूज चांगले आहेत."

"त्याच्या मेव्हण्याने लिहिले असतील. भिंत दाखव, कुठली उघडलीय ती."

अलिनाने त्याला बाळाच्या खोलीत नेलं. भिंतीत लोकर नीट भरलेली होती. पण तिच्यावर खोलीच्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं होतं. हमीद खुर्चीतून उठलाच.

"उलटं लावलंय. प्लास्टिक बाहेरच्या अंगाला पायजे. आयुष्यभर मी बाहेरूनच लावत आलो. असं लावलं तर लोकर भिजेल, बुरशी धरेल आणि माझं नातवंड त्या खोलीत खोकत बसेल. त्याला आजच्या आज घालव."

"पण तो म्हणतो, इकडे असंच लावतात."

"तो दुसरं काय म्हणणार? ऐकायचं कुणाचं, त्याचं का माझं?"

अलिनाने त्या प्लास्टिकवरून एकदा बोट फिरवलं. "तुमचं," ती म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर ती रोज गाडीत बसून फोन करायची. अंगात जाड जाकीट, मागे बर्फाने पांढरी झालेली काच.

"घरात का नाय बसत?"

"गाडीत हीटर आहे, अब्बा."

"दुसरा मिस्त्री मिळाला?"

"बघतोय आम्ही. इंशाल्ला मिळेल."

हमीदला घास गोड लागेना. त्या ठेकेदारानेच बाकीच्यांचे कान भरले असणार, नाहीतर एवढ्या मोठ्या शहरात एक मिस्त्री मिळू नये? पोटुशी लेक गाडीत बसून ऊब घेते, हे काही त्याला बघवत नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी तो शहरातल्या माहूज भागात एका फ्लॅटवर कामाला गेला. घर स्मिता मॅडमचं. त्या पुण्याच्या, बँकेत नोकरीला. त्यांच्या दिवाणखान्याच्या छतातून सोफ्यावर थेंब पडत होते.

"एसी गळतोय, हमीदभाई. दोन वेळा माणूस येऊन गेला."

हमीदने शिडीवर चढून छताची फळी सरकवली. डक्टवरचं फॉइल हातभर फाटलं होतं आणि खालची लोकर चिंब झाली होती.

"एसी नाय गळत, मॅडम. हे हवेतलं पानी. गरम दमट हवा थंड पत्र्याला लागली की तिचं पानी होतं."

"मग त्यावर उपाय?"

"हवेला आत शिरू द्यायचं नाय. म्हणून फॉइल कायम गरम बाजूला लावायचं."

"म्हणजे बाहेरून?"

"हां. आपल्याकडे बाहेरच गरम, म्हणून..."

त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. विनिपेगला बाहेर बर्फ होतं. तिथे गरम होती ती खोली. त्याच्या नातवंडाची खोली.

"हमीदभाई, चक्कर येतेय का?"

"नाय, मॅडम. एक फोन करून येतो."

जिन्यात येऊन त्याने अलिनाला फोन लावला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. या वेळी तो कधी फोन करत नसे. अलिनाने झोपेतच उचलला.

"बाय, मी चुकलो. तो माणूस बरोबर होता. त्याला परत बोलव. माफी मी मागतो, तू फक्त इंग्रजीत सांग. जास्त पैसे मागेल तर मी देतो. पण आता त्या गाडीत बसू नको."

बोलता बोलता हमीदच्या ध्यानात आलं की तिच्या अंगात पातळ सुती मॅक्सी होती. जाकीट नव्हतं, शालसुद्धा नव्हती. ती बाळाच्याच खोलीत निजली होती; मागची भिंत बंद झालेली, तिला फिका पिवळा रंग दिलेला, आणि भिंतीला लागून पाळणा.

"अब्बा, त्याला मी घालवलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. भिंत दिसू नये म्हणून गाडीतून फोन करायचे."

हमीद पायरीवर बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पोर उबेत आहे म्हणून जिवात जीवही आला. सगळ्या जगावर संशय घेतला, तेव्हा ही एकच त्यातून सुटली होती, आणि खोटं बोलली तीच. काहीतरी लागेलसं बोलावं असं ओठावर आलं होतं, पण त्याने ते गिळलं.

"ऊदबत्ती हाय घरात?"

"आहे."

"पेटव. स्विचजवळ धर."

अलिनाने धरली. हमीदने फोन डोळ्यांजवळ नेला. धूर कुठेही न वळता सरळ वर गेला.

"काम बरोबर हाय," तो म्हणाला. कुणाचंही काम तपासून झाल्यावर तो याच आवाजात बोलायचा. "त्या मिस्त्रीला माझा सलाम सांग."

"सांगते. तुम्ही रागावलात?"

"राख पडेल, विझव आता," हमीद म्हणाला. पण तिने विझवली नाही, आणि तोही फोन न ठेवता धूर बघत बसला.