नवरीला नेसायला वेळ द्या

आमच्याकडे मेलेल्यांची लग्नं आटी महिन्यातच, म्हणजे भर पावसात आषाढाच्या सुमाराला लागतात. माझ्या सासूबाईंची थोरली, चंद्रावती, तीन महिन्यांची असताना गेली, त्याला तीस वर्षं झाली. यंदा तिच्यासाठी स्थळ बघितलं. मुलगाही तसाच, पाळण्यात गेलेला. घराणं चांगलं होतं, सासूबाईंनी चौकशी करून घेतली होती.

घाईचं कारण माझी नणंद जलजाक्षी. दिवसाला हजार विड्या वळणारी पोरगी, पण गेले दोन महिने सूप मांडीवर घेऊन नुसती बसायची. पानं वाळून जायची. पहाटे तीनलाच जागी. भात चिवडत म्हणायची, "वहिनी, चव लागत नाही." मी म्हणायचे, "हात चालव, लागेल चव." माझं मेलं तोंडच असं. ज्योतिषी म्हणाला, थोरली हिच्या अंगात बसलीय, तिला लग्न हवंय. आरोग्य केंद्राची आशाताई दोनदा दारात येऊन सांगून गेली, दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्या. तिला आम्ही चहा पाजून वाटेला लावलं.

लग्न न झालेल्यांनी हे लग्न बघायचं नसतं, म्हणून जलजाला मागच्या खोलीत बसवलं. वरपक्षाने साडी आणली. जातीतले वडीलधारे कोरगप्पा यांनी ती मधल्या खोलीत नवरीच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, ओसरीकडचं दार ओढून घेतलं आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "नवरीला नेसायला वेळ द्या."

भरदुपारी अंधारून आलं होतं. आम्ही ओसरीवर बसलो. आतून बांगड्या वाजल्या.

वराच्या मावशीने माझा दंड धरला.

दार उघडलं तर खुर्चीत नवरी बसली होती. साडी नेसून, पदर हनुवटीपर्यंत ओढून. सासूबाई तिच्या पायांवर कोसळल्या. "आलीस गं बाई!"

कोरगप्पांनी हात जोडले. "बोल माये, काय सलतंय?"

"झोप येत नाही." आवाज पदराआडून, सावकाश आला. "चव लागत नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल."

"तीस वर्षं सोसलंस गं!" सासूबाई रडत होत्या, पण सुखाने. वरपक्षही खूश. नवरी स्वतः बोलली, याहून मोठा शकुन कुठला?

मला मात्र पटेना. तीन महिन्यांच्या बाळाने चव घेतली कशाची? हे सगळं मी चुलीपाशी रोज ऐकत होते आणि रोज तिलाच बोलत होते.

मी पदर वर केला. आत जलजा होती. "जलजा, मरावंसं वाटतं का तुला?"

"गुलाबी! जीभ आवर!" सासूबाई माझ्यावर किंचाळल्या.

पण जलजाने वर बघितलं. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघितलं. "रोज वाटतं, वहिनी. आज तर ठरवलंच होतं. मग ही साडी दिसली. म्हटलं, थोरलीला न्यायला निदान माणसं तरी आलीत."

कोरगप्पा पुढे झाले. "नवरीला आसनावरून उठवू नये, वाईट असतं."

"पाहुण्यांना जेवायला वाढा," मी म्हटलं. "थोरली तीस वर्षं थांबलीय, आणखी एक वर्ष थांबेल. ही नाही थांबायची."

साडी न बदलताच तिला रिक्षात घातलं. सासूबाई अनवाणीच चढून शेजारी बसल्या. रिक्षा पुलावर आली. जलजाने माझा हात घट्ट धरला.

"वहिनी, खरंच डॉक्टरकडेच नेताय ना?"

"हो गं."

"मग रिक्षावाल्याला सांगा, जरा जोरात चालव."