मावशींची आवड

आमच्या कारखान्यात डोळ्यांत घालायचं औषध बाटल्यांत भरतात. भरणीच्या खोलीत बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. फक्त डोळे दिसतात आणि बोलायला बंदी असते. त्यावर उपाय म्हणून 'आवड' सुरू झाली. जेवणानंतर एकीने काचेपलीकडच्या साहेबांच्या केबिनमध्ये यायचं, आपलं गाणं का आवडतं ते माइकवर दोन वाक्यांत सांगायचं, गाणं लावायचं आणि मग आत जायचं.

मी त्या खोलीतली हवा तपासते. ताटल्यांवर जंतू वाढवून ते मोजते, म्हणून सगळ्या मला जंतूबाई म्हणतात.

आजची आवड मावशींची होती. मावशी शेवटच्या यंत्रावर टोपणं बसवायच्या. मागच्या खेपेला त्यांनी ढोलकीचं एक नाचायचं गाणं लावलं होतं आणि सांगितलं होतं, "हे लागलं की मला कोणाच्या बापाची भीती वाटत नाही. आणि गुडघेही दुखत नाहीत."

गेल्या आठवड्यात त्यांनी भरणीच्या मध्ये एक सुट्टी मागितली. एकदा आत गेलं की भरणी संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही, लघवीलासुद्धा नाही. त्यामुळे बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. लेबलवाली म्हणते, आपण उंटाच्या माहेरच्या. पण तिलाच लघवीच्या जळजळीने दोनदा रजा घ्यावी लागली होती. साहेबांचं म्हणणं होतं, दार उघडलं की आतली हवा बिघडते. मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, मग जंतूबाईंना तपासू द्या की. त्याला उद्धटपणा ठरवून साहेबांनी त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

मी मात्र तपासलं. भरणी संपल्यावर दार उघडून, बायकांना कपडे बदलायला लावून पुन्हा आत घेऊन, वेगवेगळ्या दिवशी. हवेत फरक पडला नाही. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे. पुढच्या आठवड्यात तुम्हाला कायम करायचंय ना?"

मावशींची रिकामी झालेली आवडीची पाळीही त्यांनी मलाच दिली. काल संध्याकाळी मी मावशींना फोन केला. त्यांना तपासणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांचं वय झालं, माझं अजून सगळं व्हायचंय. "तू आपली नेहमीची बासरीची धून लाव, पोरी. ती छान असते, झोप येते."

आज केबिनमध्ये मी माइकसमोर बसले तेव्हा साहेब माझ्या खुर्चीमागेच उभे होते. त्यांचा हात माइकच्या बटणापासून लांब नव्हता. काचेपलीकडे बायका यंत्रांपाशी उभ्या होत्या. मावशींच्या जागी आलेली नवी बाई सारखी दाराकडे बघत होती. संगणकावर सगळ्यांची गाणी साठवलेली असतात. माझी बासरी सर्वांत वर होती. मावशींचं गाणं खाली, तिथेच होतं. ते काढून टाकायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोनच वाक्यं मिळणार होती.

"हे गाणं मावशींच्या आवडीचं आहे," मी म्हणाले. साहेब पुढे झुकले. "मध्ये सुट्टी दिली तर या खोलीतली हवा बिघडत नाही, मी स्वतः तपासली आहे."

बटण बंद झालं, पण तोवर माझं बोलून झालं होतं. मी गाणं लावलं.

साहेबांनी हात लांब करून ढोलकी मध्येच तोडली. केबिनच्या स्पीकरवर खोलीतल्या यंत्रांची घरघर उरली.

मग त्या घरघरीच्या खालून तीच चाल ऐकू आली. कोणीतरी गुणगुणत होतं. साहेबांनी माइक हातात घेऊन विचारलं, कोण आहे ते. सगळ्यांची तोंडं कापडाआड होती. डोळे हातातल्या बाटल्यांवर होते. आवाज वाढला.

लेबलवालीने आपलं यंत्र थांबवलं. हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं. नवी बाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली, मग आणखी एक.

साहेब फोन लावत होते. माझं नाव त्यांनी दोनदा घेतलं.

दाराचं कुलूप केबिनमधून उघडतं. त्याची कळ माझ्या उजव्या हाताशी होती. मी ती दाबली.